बाराव्या पुस्तकापाशी थांबू नका : आमच्या वाचक मंडळाला खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी व सर्व सभासद,
वाचक मंडळ, कोल्हापूर.

विषय : जिम बुचर यांच्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’ या मालिकेचे वाचन बाराव्या पुस्तकापाशी थांबवण्याच्या निर्णयाचा फेरविचार करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीत आपण ‘चेंजेस’ या बाराव्या पुस्तकावर चर्चा केली आणि हात वर करून असे ठरवले, की ही मालिका इथेच सोडावी, पुढची पुस्तके यादीतून काढावीत आणि त्या जागी दुसरे काही घ्यावे. बहुमताचा मी आदर करते. तरीही हा निर्णय पुस्तक मिटल्यामिटल्या, मन कडू झालेले असताना घेतला गेला असे मला प्रामाणिकपणे वाटते आणि म्हणून त्याचा फेरविचार व्हावा यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवण्याचे कारण एवढेच, की ही तक्रार आपल्या मंडळापुरती नाही. राजारामपुरीतल्या चहाच्या टपरीवर काय किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर काय, ही मालिका वाचणारी तरुण मंडळी भेटली की ‘बाराव्यानंतर सोडली’ हे वाक्य हमखास कानावर येते. या पत्रात बाराव्या पुस्तकाचा शेवट उघड होणार आहे, तेव्हा ज्यांचे वाचन अजून तिथवर पोचलेले नाही त्यांनी हे पत्र तूर्त बाजूला ठेवावे. पुढच्या पुस्तकांतले मुख्य उलगडे मात्र मी सांगणार नाही, कारण ते वाचण्याचा आपला हक्क अबाधित राहावा हीच माझी इच्छा आहे.

आधी घडले काय ते नीट मांडते. २००० साली ‘स्टॉर्म फ्रंट’ने सुरू झालेल्या या मालिकेचा नायक हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला मांत्रिक आहे; टेलिफोनच्या डिरेक्टरीत मांत्रिक म्हणून ज्याचे नाव छापलेले आहे असा एकुलता एक माणूस. त्याच्या सहवासात विजेवर चालणारी नवी यंत्रे टिकत नाहीत, म्हणून तो भाड्याच्या तळघरात मेणबत्त्यांच्या उजेडात राहतो, लाकडे जाळून ऊब घेतो आणि जुनीपुराणी फोक्सवॅगन बीटल चालवतो. अकरा पुस्तके आपण त्या तळघरात ये-जा केली. तिथली पुस्तकांची फळी, गालिचे, धिप्पाड कुत्रा, गुर्मीत वावरणारे मांजर, जमिनीतल्या दाराखालची प्रयोगशाळा आणि तिथे बसून टोमणे मारणारी बॉब नावाची कवटी हे सगळे आपल्या परिचयाचे झाले होते. एप्रिल २०१० मध्ये आलेल्या बाराव्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात हॅरी फोन उचलतो आणि पलीकडून सुझन रॉड्रिगेझ सांगते, की आपल्या मुलीला त्यांनी पळवून नेले आहे. आपल्याला मुलगी आहे हेच त्याला त्या क्षणी कळते.

तिथून पुढे कथेतल्या मोजक्या दिवसांत त्याच्या ऑफिसची इमारत स्फोटात उडते, बीटलचा चक्काचूर होतो, घराला आग लावली जाते, त्या आगीतून वरच्या मजल्यावरच्या वृद्ध शेजाऱ्यांना सोडवताना शिडीवरून पडून त्याचा कणा मोडतो, पुन्हा उभे राहता यावे म्हणून ज्या राणीला त्याने वर्षानुवर्षे नकार दिला तिच्याशीच तो करार करतो, मित्रांना घेऊन मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या प्राचीन मंदिरापर्यंत पोचतो आणि तिथल्या वेदीवर मुलीला वाचवण्यासाठी त्याला सुझनचा जीव स्वतःच्या हाताने घ्यावा लागतो. तो परत येतो, आणि शेवटच्या पानावर अदृश्य बंदूकधाऱ्याची गोळी लागून मिशिगन सरोवराच्या थंड पाण्यात कोसळतो. पुस्तक तिथेच संपते.

एवढे सगळे एका पुस्तकात वाचल्यावर ‘आता काय उरलंय हो ह्यात वाचायला?’ असे आपल्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले आणि पुस्तक टेबलावर पालथे ठेवले, तेव्हा त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होते. मालिका वर्षानुवर्षे वाचणाऱ्याला ते घर स्वतःच्या घरासारखे वाटणारच. तरीही चर्चेत पुन्हा पुन्हा आलेला आरोप, म्हणजे लेखकाने निव्वळ धक्का देण्यासाठी नायकाला ओरबाडून काढले, हा मला मान्य नाही. या पुस्तकात हॅरीवर कोसळणाऱ्या संकटांच्या मागे त्याचाच एखादा जुना निर्णय उभा आहे, आणि ते निर्णय आपण त्याच्या बाजूने टाळ्या वाजवत वाचलेले आहेत.

सुझनचेच पाहा. ‘ग्रेव्ह पेरिल’ या तिसऱ्या पुस्तकात, २००१ साली, रेड कोर्टच्या रक्तपिपासूंच्या मेजवानीत ती बनावट आमंत्रणपत्रिकेने शिरली आणि अर्धी रक्तपिपासू होऊन बसली. म्हणजे रक्ताची तहान लागली, पण माणूसपण शिल्लक राहिले, आणि एकदा जरी तिने कुणाचे रक्त पिऊन जीव घेतला असता तर तेही गेले असते. तिला तिथून सोडवण्यासाठी हॅरीने आमंत्रितांचे सगळे शिष्टाचार मोडून त्या वाड्यात आग भडकवली आणि मांत्रिकांच्या परिषदेवर रेड कोर्टचे युद्ध ओढवले. त्याही मागे जावे तर ती मेजवानी देणाऱ्या बियांकाशी त्याचे वैर थेट पहिल्या पुस्तकात सुरू झालेले आहे. त्यानंतर ‘डेथ मास्क्स’मध्ये, २००३ साली, सुझन काही काळापुरती परतली आणि त्या भेटीतून मॅगी जन्मली, जिचे अस्तित्व आईने बापापासून लपवले. त्याच पुस्तकात हॅरीशी द्वंद्व खेळलेल्या रेड कोर्टच्या ड्यूक ऑर्टेगाचा पुढे मांत्रिकांच्या हातून अंत झाला, आणि ‘चेंजेस’मध्ये मॅगीला पळवणारी ॲरिॲना ही त्याच ऑर्टेगाची विधवा आहे. म्हणजे २००० ते २०१० या दहा वर्षांत लेखकाने जे जे पेरले ते ते इथे उगवले आहे. ज्याला आपण अचानक झालेला घात म्हणालो, तो पहिल्या पुस्तकापासून आपल्या डोळ्यांसमोर आकार घेत होता.

मॅबचेही तेच. हिवाळी परीराज्याच्या या राणीने ‘समर नाइट’मध्ये, २००२ साली, हॅरीचे जुने देणे दुसरीकडून विकत घेतले आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी ‘तू माझा विंटर नाइट हो’ असा प्रस्ताव ठेवला. विंटर नाइट म्हणजे राणीचा शस्त्रधारी सेवक; अफाट बळ मिळते, पण हुकूम तिचा. हॅरीने नाही म्हटले. पुढेही तो विषय निघाला की तो नाहीच म्हणत राहिला, आणि आपण त्या नकारावर इतके विसंबलो की तो त्याच्या स्वभावाचा पायाच आहे असे धरून चाललो. बाराव्या पुस्तकात तो पाया हलतो, पण कसा हलतो हे पाहण्यासाठी तो प्रसंग सावकाश वाचायला हवा. कणा मोडलेला हॅरी सेंट मेरी ऑफ द एंजल्सच्या चर्चमध्ये पाठीवर पडलेला आहे, कमरेखाली संवेदना नाही, आणि मुलीचा बळी द्यायची रात्र जवळ येत चालली आहे. तो आधी देवदूताला हाक मारतो. त्याला हवी ती मदत तिथून मिळत नाही. मग तो आपल्यापुढच्या एकेका काळ्या वाटेचा शांतपणे विचार करतो आणि त्यांतली जिच्यात आपण कमीत कमी राक्षस होऊ ती निवडतो. मॅब येते तेव्हा तो लाचार होऊन पाय धरत नाही. तो अटी घालतो : आधी मुलीची सुटका, मग सेवा, आणि माझ्या जिवाभावाच्या माणसांवर हात उचलायला मला कधी सांगायचे नाही.

बैठकीत कुणीतरी याला ‘नायकाची माती’ म्हणाले. माझ्या वाचनात मालिकेतला सर्वांत मोठा, सर्वांत माणूसपणाचा क्षण हाच आहे. तत्त्व सांभाळणे सोपे असते तोवर आपण सगळेच तत्त्वनिष्ठ असतो. अकरा पुस्तकांत हॅरीच्या नकाराची किंमत नेहमी त्याने स्वतः मोजली, इथे पहिल्यांदा ती आठेक वर्षांच्या मुलीने मोजायची वेळ आली. आणि लेखक त्याला फुकट सोडतही नाही. करारावर मोहोर म्हणून हॅरीला आधीच्या विंटर नाइटचा, लॉइड स्लेटचा, दगडी वेदीवर सुऱ्याने जीव घ्यावा लागतो. स्लेट नीच माणूस होता हे खरे, पण राणीने इतकी वर्षे यातना देऊन पिळून काढलेला, प्रतिकाराची शक्ती न उरलेला तो देह मारताना हॅरीला काही पराक्रम केल्यासारखे वाटत नाही आणि वाचणाऱ्यालाही वाटू नये अशीच ती पाने लिहिलेली आहेत. या साऱ्या प्रसंगावर पुढच्या पुस्तकात जो प्रकाश पडतो, त्यानंतर चर्चमधले ते प्रकरण पुन्हा काढून वाचावे लागते. यापेक्षा अधिक मी बोलत नाही.

आता वेदीवरचा प्रसंग. इथे मी आपल्या आक्षेपाशी काही अंशी सहमत आहे आणि ते स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. सुझन ही पत्रकार होती, धाडसी होती, हॅरीपेक्षा कितीतरी वेळा अधिक तीक्ष्ण होती. अशा स्त्रीला लेखकाने सात वर्षे जवळजवळ पडद्याआड ठेवले आणि परत आणले ते मरण्यासाठी, ही तक्रार आपल्या मंडळातल्या दोन मैत्रिणींनी केली आणि ती रास्त आहे. ‘डेथ मास्क्स’ आणि ‘चेंजेस’ यांच्या मधल्या काळात तिचे जगणे, मुलगी दुसऱ्यांच्या घरी ठेवून स्वतः युद्धात उतरणे, त्या निर्णयाची रोजची झळ हे सारे आपल्याला अधिक दिसायला हवे होते. ते दिसले असते तर शेवट आणखी उंच गेला असता.

पण वेदीवर ती निव्वळ बळी जाते असे म्हणणे पुस्तकावर अन्याय करणारे आहे. रेड कोर्टने मांडलेला शाप रक्ताच्या नात्यावर चालणारा होता : मॅगीला वेदीवर मारले की तिच्या रक्तातून वर चढत तो तिच्या आईबापांना आणि त्यांच्याही पूर्वजांना मारणार होता, आणि त्यांचे खरे लक्ष्य हॅरीचा आजोबा एबेनेझर होता, जो आपला आजोबा आहे हे हॅरीला याच पुस्तकात कळते. त्या गदारोळात सुझनचा लढाईतला सहकारी मार्टिन याचा विश्वासघात उघड होतो, सुझन संतापाने त्याच्या गळ्याचा घोट घेते आणि ती पूर्णपणे रक्तपिपासू होते. त्या घटकेला संपूर्ण रेड कोर्टमध्ये सर्वांत नवी, सर्वांत धाकटी तीच असते. म्हणजे वेदीवर मुलीऐवजी ती मेली तर तोच शाप उलटा वर चढून त्या सगळ्या वंशाचा निःपात करील. हे हॅरीला उमगते, मार्टिनने आयुष्यभर याच क्षणाची आखणी केली होती हेही त्याला उमगते, आणि मग सुझनलाही कळते. तिच्यात अजून थोडे माणूसपण तग धरून आहे, त्या थोड्याशा वेळात ती स्वतःशी झगडत त्याला होकार देते, मुलगी वाचवायला सांगते. इथवर पाल्हाळाने लिहिणारा, प्रत्येक मारामारी चवीने रंगवणारा हा लेखक इथे मोजक्या छोट्या वाक्यांवर येतो. सुरा चालतो. मूल वाचते. युद्ध संपते. नायकाच्या तोंडी उरते ती देवाकडे केलेली क्षमेची याचना. त्या पानावर एकही विशेषण जास्तीचे नाही.

मला वाटते, आपण कोल्हापूरकरांना हा प्रसंग इतर कुणापेक्षा अधिक समजायला हवा. आपल्या शहराचे नावच, करवीर माहात्म्याच्या परंपरेप्रमाणे, देवीने मारलेल्या कोल्हासुराने मरताना मागितलेल्या वराचे आहे. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून झुंबड उडते, ते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. विजयाच्या मुळाशी वध असतो आणि तो दरवर्षी आठवावा लागतो, हे आपल्याकडे सणाचाच भाग आहे. चिचेन इत्झाच्या वेदीवर एक लहान मुलगी बळी म्हणून बांधलेली असते. आपल्या टेकडीवर लहान मुलगी असुराच्या वधाची मानकरी असते. ‘चेंजेस’ वाचताना मला ही दोन चित्रे शेजारी-शेजारी दिसत राहिली, आणि वेदी कुणासाठी मांडली होती व तिच्यावर अखेर कोण संपले, ही उलथापालथ लेखकाने किती विचारपूर्वक केली आहे हे त्यामुळे अधिक ठसले.

आता त्या निर्णयाकडे येते, जो माझ्या मते आपल्या मंडळाने घ्यायला नको होता. बाराव्या पुस्तकाचा न्याय बाराव्या पुस्तकावर करता येत नाही. कथेने एवढी मोठी मोडतोड केल्यानंतर लेखक पुढे काय करतो यावर तिचे मोल ठरते. लोकप्रिय मालिकांमध्ये बहुधा पुढच्या भागात सारे जागेवर येते. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारावर आपल्या आजोबांच्या पिढीने जीव टाकला, नारायण धारपांच्या समर्थांनी आपल्याला रात्र-रात्र जागवले. त्या कथांवर माझे आजही प्रेम आहे, पण एका गोष्टीत झालेली जखम पुढच्या गोष्टीत सहसा दुखत नसे आणि नायक पहिल्या पानावर जसा भेटला तसाच शेवटच्या पानावर निरोप घेत असे. तो त्या प्रकाराचा करारच होता आणि वाचकाला तोच हवा होता. बुचर यांनीही पहिली काही पुस्तके त्याच कराराने लिहिली : एक गुन्हा, एक तपास, शेवटी घरी परत. बाराव्या पुस्तकात त्यांनी तो करार मोडला, आणि त्यानंतर, हे महत्त्वाचे, तो गुपचूप पुन्हा जोडला नाही.

जळलेले घर पुढच्या पुस्तकात पुन्हा उभे राहत नाही. बीटल दुरुस्त होऊन येत नाही. राणीशी केलेला करार एखाद्या पळवाटेने रद्द होत नाही. त्याचे ओझे पुढच्या प्रत्येक पुस्तकात हॅरीच्या रागात, वासनेत, निर्णयात जाणवत राहते. मॅगी वाचली म्हणून बापलेक लगेच एकत्र राहू लागत नाहीत. ज्याने तिच्या आईला मारले त्याने तिच्यासमोर कोणत्या तोंडाने जावे हा प्रश्न लेखक घाईने सोडवत नाही. हॅरीची शिष्या मॉली चिचेन इत्झाहून जिवंत परतते, पण पूर्वीची मॉली परतत नाही, आणि ‘घोस्ट स्टोरी’ या तेराव्या पुस्तकात तिची जी अवस्था दिसते ती वाचताना त्या युद्धात तिला नेण्याचा निर्णय नव्याने बोचतो.

सर्वांत मोठा परिणाम होतो तो शहरावर. रेड कोर्ट नष्ट झाले हे ऐकायला छान वाटते, पण जगातली एक मोठी सत्ता रातोरात नाहीशी झाल्यावर तिची जागा मोकळी राहत नाही. फोमॉर नावाच्या समुद्रातल्या शक्ती ती पोकळी भरायला पुढे सरसावतात, आणि शिकागोतली अगदी किरकोळ अद्भुत शक्ती असलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली साधी माणसे गायब होऊ लागतात. आजवर त्यांच्यासाठी उभा राहणारा माणूस आता नाही. शहर हेच ज्या कथांचे मुख्य पात्र असते, त्या प्रकारात हे फार मोलाचे आहे. बारावे पुस्तक आपल्याला शिकागोतून उचलून दूर युकातानच्या जंगलात नेते. तेरावे परत आणून दाखवते, की रक्षणकर्ता आपल्या मुलीसाठी निघून गेला तेव्हा त्याच्या शहराने त्याची काय किंमत मोजली.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्यातल्या कुणाला विसरता येणार नाही. पाणी चढत होते तोवर सगळ्या महाराष्ट्राचे डोळे पंचगंगेवर होते. पाणी उतरले आणि कॅमेरे गेले, तेव्हा प्रयाग चिखलीत, आंबेवाडीत, शाहूपुरीच्या तळमजल्यांवर खरे दिवस सुरू झाले. भिजलेल्या गाद्या, गाळाने भरलेली कपाटे, भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर राहिलेली रेघ, कागदपत्रांसाठीच्या रांगा. पूर म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते महिने पाहायला हवेत. आपण ‘चेंजेस’ वाचले आणि पाणी उतरायच्या आत शहर सोडून निघालो, असे मला आपल्या ठरावाबद्दल वाटते. पुढची पुस्तके म्हणजे ते महिने आहेत.

शेवटच्या पानावरच्या गोळीबद्दल थोडेसेच लिहिते, कारण त्याचे उत्तर पुढे आहे. ‘वाचकाला टांगून ठेवण्याची युक्ती’ असे तिचे वर्णन झाले. ज्यांनी ही पुस्तके प्रसिद्ध होताच वाचली त्यांना एप्रिल २०१० पासून जुलै २०११ मध्ये ‘घोस्ट स्टोरी’ येईपर्यंत जीव मुठीत धरून थांबावे लागले, त्यांनी चिडणे मी समजू शकते. आपल्याला तर पुढचे पुस्तक हाताशी आहे. ती गोळी कुणी झाडली आणि का, याचे उत्तर इतके घट्ट या पुस्तकाच्या गाभ्याशी, हॅरीने त्या चर्चमध्ये केलेल्या निवडीशी बांधलेले आहे, की ते कळल्यावर तिला युक्ती म्हणणे मला तरी शक्य राहिले नाही. इतकेच सुचवते की ‘चेंजेस’मधली एक-दोन प्रकरणे, जिथे काहीतरी निसटल्यासारखे, जोड नीट न बसल्यासारखे वाटते, ती आपण लेखकाची हयगय म्हणून सोडून दिली. ती हयगय नाही.

आपल्यापैकी काहींनी असाही मुद्दा मांडला, की मालिका फार लांबली आहे आणि इथे सोडली तर एक पूर्ण गोष्ट वाचल्यासारखे होते. बुचर यांनी पूर्वीपासून सांगितलेला आराखडा वीसहून अधिक पुस्तकांचा आणि शेवटी महासंहाराच्या तीन पुस्तकांचा आहे, त्यामुळे बारावे पुस्तक हे त्या रचनेच्या मध्याच्या आसपास येते. म्हणजे हा शेवट नाही, हा कणा आहे. लांबीचा त्रास मात्र खरा आहे. २०१४ च्या ‘स्किन गेम’नंतर पुढच्या पुस्तकासाठी वाचकांना २०२० उजाडेपर्यंत थांबावे लागले, मग त्या एकाच वर्षी ‘पीस टॉक्स’ आणि ‘बॅटल ग्राउंड’ अशी दोन पुस्तके आली, आणि त्या दोहोंमध्ये एकाच मोठ्या पुस्तकाचे दोन तुकडे केल्याची खूण मला स्पष्ट दिसते. पुढचा सगळा प्रवास सारखाच भरीव आहे असा दावा मी करणार नाही. पण ‘बॅटल ग्राउंड’मध्ये पुन्हा एकदा जे घडते ते सोसायला ‘चेंजेस’ने आपल्याला तयार केलेले असते, आणि त्या दुःखाला सवड द्यायला लेखकाने ‘ट्वेल्व्ह मंथ्स’ हे सबंध पुस्तक दिले आहे. नायकाला शोक करू देणारा लोकप्रिय लेखक दुर्मिळ आहे, आणि अशा लेखकाला अर्ध्या वाटेवर सोडणे हे आपल्या मंडळाच्या आजवरच्या वाचनाला शोभणारे नाही.

तेव्हा माझी कार्यकारिणीला विनंती अशी आहे. ठराव रद्द करू नका, फक्त दोन बैठका पुढे ढकला. पहिल्या बैठकीसाठी ‘आफ्टरमॅथ’ ही दीर्घकथा घ्यावी. ती ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या ‘साइड जॉब्स’ या संग्रहात आहे आणि हॅरीला गोळी लागल्यानंतर लगेचच, पोलीस अधिकारी कॅरिन मर्फीच्या तोंडून सुरू होते. अकरा-बारा पुस्तके आपण जग हॅरीच्या डोळ्यांनी पाहिले. इथे पहिल्यांदा त्याच्या नसण्याकडे त्याच्यावर प्रेम करणारी, नोकरी गमावून बसलेली, तरीही कामाला लागणारी एक बाई पाहते. ज्या मैत्रिणींना सुझनबाबत लेखकाने कसूर केली असे वाटते, त्यांनी ही कथा अवश्य वाचावी. दुसऱ्या बैठकीसाठी ‘घोस्ट स्टोरी’ पूर्ण वाचून यावे, आणि त्यानंतर पुन्हा हात वर करावेत. त्या वेळी बहुमत जे ठरवेल ते मी पुन्हा एकही पत्र न लिहिता स्वीकारीन.

‘साइड जॉब्स’ची माझी प्रत मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. पुस्तक लहान अक्षरांत छापलेले असल्याने ज्या ज्येष्ठ सभासदांना वाचायला अडचण होईल, त्यांनी कळवल्यास ‘आफ्टरमॅथ’ बैठकीआधीच्या रविवारी मोठ्याने वाचून दाखवायची माझी तयारी आहे; त्यासाठी सायंकाळी सहानंतर मंडळाची खोली उघडी मिळावी, एवढी सोय चिटणीसांनी करावी.

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद
कोल्हापूर